घासलेली भांडी

लालबागच्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही प्रदर्शनासाठी गिरणगावातली खानावळ उभी करत होतो. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, रॉकेलचा स्टोव्ह, फळीवर जर्मनची ताटं आणि टोप. भांडी चोरबाजारातून आणलेली. दोन संध्याकाळी बसून मीच त्यांना काजळी फासली होती. गरिबी दिसली पाहिजे, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

ज्या काकूंच्या आठवणींवरून हे सगळं उभं राहत होतं, त्या बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. "ही कुणाची भांडी?"

"तुमचीच, काकू."

"माझी नाहीत गं ही. माझ्या ताटात तोंड दिसायचं."

दुसऱ्या दिवशी पिशवीतून राख आणि नारळाच्या शेंड्या घेऊन आल्या, पदर खोचून मोरीपाशी बसल्या. मीही बसले. तीन तास लागले.

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मी लहानपणापासून जातेय. तिथल्या काचेमागच्या मातीच्या बाहुल्यांवरून मुंबईतल्या जातीजमाती आणि धंदे कळतात. पण त्या बाहुल्यांना 'हे माझं नाही' असं म्हणता येत नाही. काकूंना आलं.

घासता घासता त्या सांगत होत्या. कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला आलेले गडी एकेका खोलीत वीस-पंचवीस राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, आणि जेवायला काकूंसारख्या खानावळवाल्या बायकांकडे यायचे. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, नाहीतर सावकाराकडे दागिना. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे अशा बायकांसाठी बँकेचं दार उघडलं. भिंतीवरच्या मजकुरात मी 'दारिद्र्य' लिहिलं होतं. ते काढून खानावळीचा हा हिशोब लिहिला.

काकूंची उधारीची वहीही मांडली आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या पानांवर नुसती येणी आहेत, जमा काहीच नाही. जेवण मात्र त्यांनी बंद केलं नव्हतं. मला ते पान तसंच उघडं ठेवायचं होतं.

"नावं झाक," काकू म्हणाल्या. "त्यांची नातवंडं इथंच राहतात."

जाड कागदाची पट्टी त्यांनीच कापली. आता काचेखाली फक्त आकडे दिसतात.