तीन आकडे

दापोलीच्या शिबिरात साडेअकराच्या सुमारास साठीच्या एक मावशी माझ्या टेबलाशी आल्या. कापडी बटव्यातून त्यांनी तीन पदरी गुंडाळलेलं नाणं काढलं आणि विचारलं, "दादा, ह्याचे कोटभर येतात ना?" पुतण्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता.

जुनी नाणी तपासून देण्याच्या शिबिरांत दुर्मीळ वस्तू क्वचित येतात. येते ती ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची नोट, ७८६ आकड्याच्या नोटा, आणि मावशींनी आणलं होतं तसं 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेलं हनुमानाचं नाणं. कंपनीने देव छापलेच नाहीत असं काहीजण ठोकून देतात, ते चूक आहे. मद्रासकडच्या 'तीन स्वामी' पगोडा या सोन्याच्या नाण्यावर देव आहेत. खोटेपणा दुसरीकडे दिसतो. या नाण्यावर 'एक आणा' लिहिलेलं असतं, आणि कंपनीने तांब्यात अर्धा आणा, पाव आणा पाडला, पण एक आण्याचं तांब्याचं नाणं चलनात आणलंच नाही. चलनातला एक आणा आला तो थेट १९०७ च्या सुमारास, कप्रो-निकेलचा, नागमोडी काठाचा. ही हनुमानाची नाणी पूजेसाठी आणि यात्रेत विकण्यासाठी पाडलेली आहेत. देव्हाऱ्यात ठेवायला चांगली, विकायला शून्य. हे सांगताना समोरच्याचा चेहरा पडतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. असल्या व्हिडिओंमागचे लोक आधी 'नोंदणी फी' मागतात आणि पैसे घेऊन गायब होतात. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही याबद्दल लोकांना सावध केलं होतं. तरी व्हिडिओ चालूच आहेत.

मावशी उठायला लागल्या. बटव्यात अजून काही खुळखुळलं म्हणून मी म्हटलं, असेल ते सगळंच दाखवा. व्हिक्टोरिया राणीचे पाच रुपये निघाले, चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख केलेले. राणीच्या केसांच्या बटा सपाट झाल्या होत्या. चांदीवरचा काळा थर म्हणजे घाण नव्हे, तो नाण्याचं कातडं असतो. तो घासला की खालचे बारीक उठाव जातात आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाणं फक्त चांदी उरतं. रुपयांपाठोपाठ दोऱ्याने बांधलेले तीन काळे, दुमडलेले तारेचे तुकडे बाहेर आले.

"ते काही नाही, आकडे आहेत केसांचे. आमच्या सासूबाईंचे."

आकड्याचे पाय मोकळे असतात. या तारा मधोमध दुमडून दोन्ही पाय एकमेकांना चिकटतील इतके दाबलेले होते आणि वरून ठोकून चपटे केलेले. लांबी साधारण साडेचार सेंटिमीटर. मोबाईलचा टॉर्च टेबलाला लागून आडवा धरला तेव्हा चपट्या भागावर अक्षरं उठली. ती लारी होती.

लारी हे तारेचं नाणं. नाव इराणच्या लार शहरावरून आलेलं. इराणच्या आखातातून येणारा घोड्यांचा आणि मालाचा व्यापार या नाण्यावर चाले, म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांतही ते मुरलं. पुढे विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने (१६५६ ते १६७२) स्वतःच्या नावाच्या लारी पाडल्या. म्हणजे अफजलखान ज्याच्या दरबारातून निघाला तोच हा आदिलशहा. सिंहलद्वीपात तीच तार माशाच्या गळासारखी वाकवत. मालदीवमध्ये आजही रुफियाचा शंभरावा भाग 'लारी'च आहे.

लारीवरचा मजकूर कधीच पूर्ण मिळत नाही. ठसा रुंद आणि तार अरुंद, त्यामुळे मजकुराचा जो पट्टा तारेवर पडेल तेवढाच उमटतो. म्हणून एकाच प्रकारच्या अनेक लारी शेजारी ठेवून मजकूर जुळवावा लागतो, आणि एका घरातून निघालेला पुंजका फोडू नये तो याचसाठी. मावशींच्या एका तुकड्यावर 'अली'मधल्या 'ये' या फारसी अक्षराची मागे गेलेली लांब शेपटी स्पष्ट होती. दुसऱ्यावर 'शाह'चा तुकडा. तिसऱ्यावर सालाचे दोन अंक असावेत, पण मधोमध चीर पडलेली.

खोट्या लारी बाजारात आहेत, ओतीव. त्यांत दुमडीच्या आतल्या बाजूला तारेची घडी दिसत नाही, नुसती पन्हळ असते. या तिन्हींत घडी खरी होती आणि दोघींच्या वाकावर छिन्नीची जुनी खूण होती. व्यापारी आतपर्यंत चांदी आहे का हे पाहायला तिथेच घाव घालत.

मग घनता. वाटीत पाणी घेऊन ती काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवायची. ती बुडालेली हवी, पण तळाला टेकायला नको. काटा जे ग्रॅम दाखवेल ते वस्तूचं घनफळ. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. एक लारी पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, घनफळ अर्ध्या घन सेंटिमीटरहून कमी. माझा काटा शतांश ग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्यामुळे एका लारीच्या मोजणीत चूक फार मोठी होते. म्हणून तिन्ही एकत्र बांधल्या. कोरडं वजन १४.१६ ग्रॅम. पाण्यात १.५० आलं, म्हणजे घनता ९.४४. ही तर निम्म्याहून जास्त भेसळीची चांदी झाली.

शेजारच्या टेबलावरचे व्यापारी लगेच म्हणाले, "खोट्या आहेत." ते घाईचे आहेत. दुमडीच्या फटीत हवेचा बुडबुडा अडकतो आणि तोही घनफळात मोजला जातो. तारा स्पिरिटमध्ये बुडवून मऊ ब्रशने फट मोकळी केली आणि पुन्हा लोंबकळवल्या. १.३७ आलं. घनता १०.३४, चांगली चांदी.

हा आकडा ऐकताच तेच व्यापारी पुढे झुकले. "मावशी, तिन्हीचे हजार देतो, आत्ता रोख."

ज्याने वस्तू ओळखायची त्याने त्या दिवशी ती विकत घ्यायची नाही, हा नियम मी आयोजकांकडे कितीदा मागितला आहे. व्यापारी नसले तर हॉलचं भाडं कोण भरणार, हे उत्तर ठरलेलं. एका चांगल्या लारीला लिलावात काही हजार येऊ शकतात. मी ते मावशींना तिथल्या तिथे सांगितलं. माझी चूक इथे झाली.

तोवर त्या मोकळेपणाने बोलत होत्या. घराचं जोतं नव्याने बांधताना सासऱ्यांना मडक्यात सात आकडे मिळाले होते. चार सोनाराकडे दिले, त्यांची सुनेची जोडवी झाली. मी मडक्याबद्दल विचारणार, तेवढ्यात मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "जमिनीतलं असेल तर कलेक्टरला द्यावं लागतं."

ते खोटं नाही. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, उरलेलं जागेच्या मालकाचं. सरकारला ते हवं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन घेता येतं. लारीला चांदीचा भाव अधिक वीस टक्के! एवढ्यासाठी कुणीही कचेरीची पायरी चढणार नाही. म्हणूनच आपल्याकडे जमिनीतून निघालेलं धन आधी सोनाराकडे जातं आणि उरलंसुरलं आमच्याकडे येतं.

मावशींनी बटव्याची दोरी ओढली. "नाही हो, जोत्यातले नाहीत. पेटीतलेच आहेत, सासूबाईंचे."

तेव्हापासून हा क्रम डोक्यातून जात नाही. आधी मडकं कसलं होतं, किती खोल होतं, सोबत काय होतं, घर कुठे आहे, हे विचारायला हवं होतं. किंमत अगदी शेवटी. किंमत एकदा उच्चारली की वस्तूची हकिकत बदलते. इथे तर किंमत आणि कायदा एका मिनिटाच्या अंतराने आले. सात लारींचं मडकं दाभोळच्या खाडीच्या नेमक्या कोणत्या बाजूला पुरलं होतं हे कळलं असतं, तर हे चलन नेमकं कुठवर फिरत होतं याचा तो पुरावा झाला असता. तसे नोंद असलेले पुंजके थोडेच आहेत.

फोटो काढू दिले तेवढं बरं. दोन्ही बाजू, दोन्ही कडा, शेजारी पट्टी. तिन्हींची वजनं वेगवेगळी लिहून घेतली: ४.७१, ४.७८, ४.६७. घासू नका, दोरा सोडा, प्रत्येकीला वेगळ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, असं सांगितलं. दोऱ्यातला ओलावा चांदीला डाग पाडतो. व्यापाऱ्यांना त्यांनी नकार दिला. गावाचं नाव विचारल्यावर मात्र हसून म्हणाल्या, "लांब आहे." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून शेजारणीला विचारलं, दाभोळहून खाडीपलीकडच्या धोपाव्याला शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते.

नोंदवहीत 'मिळाल्याचं ठिकाण' या रकान्यात मी तेवढंच लिहिलं आहे: जोत्याखाली, मडक्यात, एकूण सात, बहुधा खाडीपलीकडे गुहागरच्या बाजूला. पुढे कंसात, मालकिणीने नंतर नाकारलं.