सातबारा कुणाच्या नावावर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सकाळी गोदापार्कला फिरताना कुणीतरी हटकतंच, "काका, जन्मभर डोंगर मोजलेत म्हणे. जिथं घर नाही, शेत नाही, तिथं सातबारा कुणाच्या नावावर लावायचा होता?"

सातबाऱ्याची मोजणी वेगळी, ती हद्दीची. आम्ही मोजायचो उंचसखल. आणि निर्जन रानात मला तरी कायम एकच उत्सुकता असायची, पाणी कुठं वळतं?

त्र्यंबकच्या रांगेवर एक खिंड आहे, बघायला गेलं तर सपाट माळ. उतार पूर्वेकडे, असं मी नजरेनंच ठरवून टाकलं होतं. लेव्हल, म्हणजे आडवी पातळी धरणारी दुर्बीण, लावली आणि खलाशाला (मोजणीतल्या मदतनिसाला) स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, घेऊन पश्चिमेला तीस पावलं पाठवलं. आकडा वाढला. (स्टाफवरचा आकडा वाढला की जमीन उतरलेली, हे आमचं उलटं गणित.) म्हणजे तिथला पाऊस वैतरणेत, तिथून मुंबईच्या नळाला नाहीतर अरबी समुद्राला. थोडं अलीकडे पडला असता तर गोदावरी, गंगापूर धरण, तुमची टाकी आणि उरलेला राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात. तिथं राहतं कोण? कुणीच नाही.

उपग्रह आहेत की आता, असंही म्हणतात. आहेत, आणि त्यांनी पायपीट पुष्कळ वाचवली. पण वरून काढलेल्या फोटोत दाट झाडीचा शेंडा दिसतो, खालची जमीन नाही. आणि जीपीएसची कच्ची उंची आपल्याकडे समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नासहून जास्त मीटर कमी भरते, ती दुरुस्त करून घ्यावी लागते.

नकाशा सगळं सांगतो असं मात्र समजू नका. 1:50,000 च्या टोपोशीटवर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, दर 20 मीटरला. दोन रेषांच्या मधे 15 मीटरचा सरळ कडा बेमालूम लपतो. मला हे पाठ होतं. तरी साल्हेरच्या बाजूला एकदा, दिवस मावळताना, शीटवर रेषा विरळ, म्हणजे उतार सौम्य दिसला म्हणून एका सोंडेवरून भराभर उतरलो आणि पायाखालची जमीनच संपली. रात्र तिथंच काढली. खलाशानं शेकोटी पेटवली, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि बॅटरी शीटवर धरून म्हणाला, "साहेब, हा कडा कुठं काढलाय जरा दाखवा की."