काडीवरचं तळलेलं चीज

काडीला टोचून चीज तळायचं म्हटलं, की आमच्या घरात पहिला प्रश्न येतो तो पनीरचा. "अगं, पनीर घाल की, बिघडत नाही," सासूबाई म्हणाल्या. बरोबरच आहे, पनीर बिघडत नाही, कारण ते वितळतच नाही. लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेल्या दुधाचं ते असतं, कितीही तापवा, जागचं हलत नाही. पण दिरांच्या पन्नाशीच्या पार्टीला मला तोंडात टाकल्यावर तार सुटणारं काहीतरी हवं होतं, म्हणजे मोझरेलाच. तेही पाण्यात बुडवलेल्या पांढऱ्या गोळ्यांचं नाही, पिझ्झासाठी मिळतं ते घट्ट, लादीचं. ओल्या मोझरेलातल्या पाण्याची तेलात वाफ होते आणि ती कवच फोडून बाहेर पडते. पाकिटावरचा हिरवा ठिपका आधी आईंना दाखवला, मगच लादी फ्रिजमध्ये गेली.

किलोभराच्या लादीचे साधारण दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे केले. एका काडीला तीन, अशा पस्तीसेक काड्या भरतात. फ्रिजमधून काढल्या काढल्या टोचलं तर चीज उभं चिरतं, म्हणून पंधरा मिनिटं बाहेर ठेवायचं आणि काडी सरळ न खुपसता फिरवत फिरवत घालायची. कबाबच्या लांब काड्या आमच्या कढईत आडव्या मावेनात, तेव्हा अडकित्त्याने अर्ध्या केल्या. काड्या आधी पाण्यात भिजवायच्या असं बऱ्याच जणी सांगतात, पण ते निखाऱ्यावर भाजायचं असेल तर, लाकूड जळू नये म्हणून. तळणीत ओली काडी गेली की तेल अंगावर उडतं. कोरडीच ठेवा. मध्ये सिमला मिरचीचे तुकडे घालायचा मोहही याच कारणासाठी टाळला. इटलीत स्पिएदिनी, म्हणजे असेच काडीला टोचलेले पदार्थ, करताना चीजच्या मध्ये पावाचे तुकडे लावतात, तो प्रकार मात्र मला पटतो. पुढच्या खेपेला करेन.

अंडं चालणार नव्हतं. एक वाटी मैदा, अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर, मीठ अगदी बेताने (चीज खारट असतंच), मिरपूड, ओरेगॅनो आणि पाणी. भज्यांच्या पिठापेक्षा पातळ, पण बोट बुडवून काढलं तर बोट दिसू नये इतपत. वरचा चुरा शिळ्या ब्रेडच्या स्लाइसचाच. स्लाइस मंद ओव्हनमध्ये वाळवले आणि मिक्सरमधून दोनच झटके दिले. फार बारीक केला तर कुरकुरीतपणा जातो.

काडी आधी कोरड्या मैद्यात घोळवायची, म्हणजे पीठ घसरत नाही. मग पीठ, मग चुरा. उजवा हात पिठाचा, डावा चुऱ्याचा. हात एकत्र आले की बोटांनाच कटलेट चढतं! अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा पीठ, पुन्हा चुरा. या दुसऱ्या थराला कंटाळू नये.

खरी मेख मात्र काडीपाशी असते. चीज नेमकं काडी आत शिरते तिथून बाहेर येतं. सगळीकडे चुरा छान बसलेला असतो आणि काडीभोवती केसाएवढी फट राहिलेली असते, ती सहज दिसत नाही. मी प्रत्येक काडी उजेडात धरून फिरवली, फट दिसली की बोटाने पीठ दाबून बुजवली आणि वर चुरा चिमटीने लावला. दोन तुकड्यांच्या जोडावरही तेच. या कामाला आमची पुतणी बसवली. तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, आणि "काकू, इथे भोक" म्हणताना तिला फारच मजा येत होती.

भरलेला ट्रे रात्रभर फ्रीझरमध्ये राहिला. चीज साठ अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि तेल असतं एकशे ऐंशीला. आतलं दगडासारखं गार असेल तरच बाहेरच्या कवचाला रंग धरायला वेळ मिळतो. थर्मामीटर नसेल तर चुऱ्याची चिमूट टाकून बघा, ती लगेच फसफसत वर आली पाहिजे. एका वेळी चारच काड्या, नाहीतर तेल थंड पडतं आणि कवच तेल पितं. मिनिटभरात बदामी होतात. रंग यायचा असला तरी कुठे पांढरा ठिपका डोकावला की काडी तत्काळ उचलायची.

निथळायला कागद नको, जाळी घ्या. कागदावर खालची बाजू मऊ पडते. आणि आधी तळून ठेवायचं तर मुळीच नाही, दहा मिनिटांत आतली तार रबर होते. त्यामुळे पाहुणे बाहेर गप्पा मारत होते आणि मी गॅसपाशी, दर घाण्याला ताटली बाहेर जात होती. मुलांच्या हातात देण्याआधी मिनिटभर थांबा, आतलं चीज जीभ भाजतं. बरोबर लसूण घातलेला टोमॅटोचा सॉस केला होता. संपला तो दह्यात कालवलेला हिरवा ठेचा.

तळणीच्या तळाशी चुरा जळून काळा होतो, म्हणून अर्ध्यात एकदा तेल गाळून घेतलं. चारपाच काड्या डब्यात फ्रीझरमध्येच उरल्या. त्या आई संध्याकाळच्या चहाबरोबर मागून घेतात.