सीलच्या ओठावरची चीर

"काका, स्टिअरिंग फिरूनच नाही राहिलं. चाक वाकडं आहे, तसंच अडकलं."

जुलैचा शेवटचा आठवडा. ताडोब्याच्या जुनोना बफरमधून, म्हणजे गाभ्याबाहेरच्या जंगलातून, फोन होता, आवाज तुटत होता. सहा पर्यटक, एक गाइड आणि गाडी चालवणारा हा पोरगा, अशी आठ माणसं जिप्सीत. नाल्याच्या उतारावर काळ्या चिखलात गाडी फसली. त्यानं फोर बाय फोर टाकली, स्टिअरिंग उजवीकडे पार शेवटापर्यंत दाबलं आणि रेस दिली. पुढून ठक्कन आवाज आला.

"माणसं?"

"बरी आहेत. मागची गाडी येऊन राहिली, तिच्यात बसवतो."

"मग आता स्टिअरिंगला हात लावू नको. हिसका मारून सोडवायला जाऊ नको. मी येतो."

चंद्रपूरच्या मूल रस्त्यावर माझं छोटं गॅरेज आहे. ताडोब्याचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो, पण बफरची गेटं चालू राहतात, आणि पावसातल्या त्या तीन महिन्यांत माझ्याकडे जिप्सीचं पुढच्या अॅक्सलचं काम सगळ्यात जास्त येतं. एरवी सफारीच्या गाड्या कोरड्या वाटेवर टू व्हीलमध्येच फिरतात. पावसात मात्र पुढच्या चाकांनाही ओढावं लागतं, मग वर्षभर झाकून राहिलेलं सगळं बाहेर येतं. जिप्सी आपल्याकडे 1985 मध्ये आली. फौजेनं वापरली, वनखात्यानं वापरली. कंपनीनं ती बनवायची थांबवून वर्षं झाली, तरी आमच्याकडच्या कितीतरी गावांत एका जिप्सीवर एक घर चालतं. या पोराचंही तसंच. गाडी बापानं कर्ज काढून घेतलेली, आणि ते कर्ज अजून फिटलेलं नाही. गाडी दोन दिवस उभी राहिली की त्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय.

आणखी एक गोष्ट मला फोनवरच आठवली होती. त्या गाडीचा उजवा शाफ्ट, म्हणजे पुढचं चाक फिरवणारा दांडा, सात आठवड्यांपूर्वी मीच बसवला होता.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढच्या चाकाला दोन कामं एकदम करावी लागतात, वळायचंही आणि गाडी ओढायचीही. म्हणून डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गियरच्या पेटीतून, निघालेला शाफ्ट चाकापाशी सरळ जात नाही, मध्ये सी.व्ही. जॉइंट असतो. एक पोलादी वाटी, तिच्या आत कोरलेल्या सहा वाटा, त्या वाटांमध्ये सहा छर्रे आणि छर्ऱ्यांना जागेवर धरणारा पिंजरा. चाक सरळ असताना या जॉइंटवर भार आला तर तो मजेत सोसतो. चाक पूर्ण वळलेलं असेल तेव्हा छर्रे वाटांच्या अगदी कडेला आलेले असतात, आणि त्याच क्षणी चिखलात रुतलेल्या चाकाला इंजिनानं जोर दिला की वाटी फुटते. जिप्सीत हा जॉइंट उघड्यावर नसतो. नकल म्हणतो आम्ही, त्या गोल घुमटीच्या आत तो ग्रीसमध्ये बुडालेला असतो. घाण आत जात नाही हा फायदा. पण फुटल्यावर तुकडेही तिथेच आत राहतात, आणि एखादा तुकडा आडवा बसला की चाक वळत नाही. हेच झालं होतं. नाल्याच्या उतारावर, वेग नसताना झालं. हीच गाडी परतीच्या डांबरी रस्त्यावर साठच्या वेगानं असती तर, हा विचार मी त्या दिवशी खूपदा केला.

गेटवरून परवानगी घेऊन वनखात्याच्या गाडीनं आम्ही आत गेलो. मी, माझा हेल्पर, आणि लक्ष ठेवायला काठी घेतलेले वनरक्षक. पर्यटक केव्हाच गेले होते. पोरगा एकटाच गाडीच्या बॉनेटला टेकून पावसात उभा होता. खरं तर त्यानं खाली उतरायला नको होतं, वनरक्षक त्याला तसं बोललेही. तो काही बोलला नाही.

काळ्या मातीत जॅक लावणं म्हणजे जॅकच आत जातो. सागाच्या दोन फळ्या नेल्या होत्या, त्या एकावर एक ठेवल्या, मग अॅक्सल उचलला गेला. चाक काढलं, कॅलिपर तारेनं पाट्याला बांधला, फ्लँजच्या आतलं सरक्लिप काढलं, लॉक वायसरचा कान सरळ करून लॉकनट सोडला, हब बाहेर. मग स्पिंडलचे, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या पोकळ दांड्याचे, बोल्ट. स्पिंडल सुटून माझ्या हातात आलं आणि नकलच्या तोंडातून काळं पाणी वाहायला लागलं.

पाणी म्हणतोय खरं, पण ते पाणी नव्हतं, ग्रीसही नव्हतं. सात आठवड्यांपूर्वी मी तिथं मुठीनं भरलेलं घट्ट ग्रीस पातळ आमटीसारखं होऊन माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. मी बोट नाकाशी नेलं. गियर ऑइल. तो गंधकासारखा उग्र वास बावीस वर्षांत इतका ओळखीचा झालाय की झोपेतही चुकणार नाही.

हेल्परनं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं.

डिफरन्शियलचं ऑइल आणि नकलचं ग्रीस यांची कधी भेट होऊ नये म्हणून अॅक्सलच्या नळीच्या टोकाला एक सील असतं. शाफ्ट त्याच्या मधून जातो. सीलची लिप, म्हणजे आतला रबराचा ओठ, शाफ्टला घट्ट धरून ऑइल मागे अडवते. ती लिप फाटली की ऑइल नकलमध्ये उतरतं, ग्रीस धुऊन काढतं, आणि जॉइंट कोरडा घासत राहतो. चिखल, पूर्ण वळलेलं चाक, रेस, हे सगळं त्या सकाळी झालं. पण जॉइंट मरायला त्याच्या किती तरी आधी लागला होता.

तिथे मी एवढंच बोललो, "सील गेलंय." कसं गेलं ते मलाही अजून माहीत नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

फुटलेल्या वाटीचे दोन मोठे तुकडे, पिंजऱ्याचे चार आणि छर्रे काढले. छर्रे पाचच मिळाले. सहावा शोधायला मला पाऊण तास लागला. बॅटरीच्या उजेडात, दोन बोटं आत घालून, शेवटी तो खालच्या किंगपिनपाशी, नकल ज्या खिळीवर वळतं तिथे, चिखलासारख्या ग्रीसमध्ये सापडला. वनरक्षक म्हणाले, भाऊ, एका गोळीनं काय होते, अंधार पडेल. मी ऐकलं नाही. तीच गोळी परत अडकली असती तर? आतला शाफ्ट ओढून काढला, नळीच्या भोकात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं कोंबलं, स्पिंडल आणि हब परत चढवले. जिप्सीचं चाक शाफ्टच्या आधारावर नसतं, ते स्पिंडलवरच्या बेअरिंगवर फिरतं. त्यामुळे शाफ्ट नसला तरी गाडी मागच्या चाकांवर चालते. दुसऱ्या जिप्सीनं नाल्यातून ओढून दिलं आणि मी स्वतः चालवत, वीसच्या वेगानं, गॅरेजला आणली. पोरगा शेजारी बसला होता. जुनोन्याचा तलाव मागे पडल्यावर तो पहिल्यांदा बोलला.

"काका, पंधरा दिवसांआधी म्या तुमाले सांगतलं होतं. चाकाच्या आतून तेलकट दिसून राहिलं म्हणून."

सांगितलं होतं. फोनवर. आणि मी म्हटलं होतं, नवीन ग्रीस आहे, जास्तीचं निघत असेल. गाडी आणून दाखव असं म्हणालो नव्हतो. त्या दिवशी गॅरेजात तीन गाड्या होत्या.

संध्याकाळी पूर्ण नकल उतरवलं. किंगपिन वरची कोणती, खालची कोणती यावर खुणा केल्या, शिमा, म्हणजे पातळ चकत्या, वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या, नकलचं मागचं तोंड झाकणाऱ्या फेल्टची रिंग सोडली. मग सील काढलं. डिझेलमध्ये धुतलं, कापडानं पुसलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं.

लिपवर एक चीर होती. झीज असती तर ओठ सगळीकडून गुळगुळीत आणि कडक झाला असता. पाणी आत गेलं असतं तर डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ झालं असतं, ते तसं नव्हतं. ही एकच चीर होती, सरळ, ब्लेडनं कापल्यासारखी, खालच्या अंगाला. जुना शाफ्ट घेऊन त्याच्या टोकाचा एक दाता त्या चिरेत ठेवला. अगदी बरोबर बसला.

मग ती जूनमधली रात्र लख्ख आठवली. सकाळी सहाला त्याची सफारी होती. वीज गेलेली, हेल्पर घरी गेलेला. मी एकट्यानं शाफ्ट आत सरकवला. दाते डिफरन्शियलच्या गियरमध्ये सापडेनात, म्हणून मी शाफ्ट वर-खाली हलवला, गुडघा लावून रेटला. हा शाफ्ट लांब आणि वजनदार असतो. हातानं तोलून अगदी मधोमध धरला नाही तर त्याचं सगळं वजन सीलच्या खालच्या ओठावर पडतं, आणि दात्यांच्या कडा चाकूसारख्या असतात. माझे उस्ताद खाणीतल्या जीपांवर शिकलेले. ते एका हातानं शाफ्ट खालून उचलून धरायला लावायचे आणि म्हणायचे, सील पाहू नको, सील ऐक. दाते ओठाला न लागता गेले तर काही आवाज येत नाही. त्या रात्री आवाज आला असेल का? मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हतो.

एक पळवाट होती, तीही लिहितो. अॅक्सलच्या हौसिंगवर छोटा ब्रीदर असतो. गाडी चालून ऑइल तापलं की आतली हवा तिथून बाहेर पडते. या गाडीचा ब्रीदर जाम होता, कुंभारमाशीनं त्यात मातीचं घर केलं होतं. जाम ब्रीदरमुळे आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं, हे खरं आहे. या गाडीतही गळती त्यानं वाढवली असणार. पोराला ती माती दाखवली असती, "हे बघ, यामुळे झालं," म्हटलं असतं, तर त्यानं विश्वास ठेवला असता. तो माझ्यावर ठेवतोच. हेल्पर समोर उभा होता, त्याच्या हातात तो ब्रीदर होता आणि तो काही बोलत नव्हता.

मी पोराला आत बोलावलं. सील त्याच्या हातात दिलं, दाता चिरेत बसवून दाखवला. म्हणालो, "ही माझी चूक आहे. जूनमध्ये बसवताना माझ्या हातून फाटलं. तुझं चालवणं कारण नाही. शाफ्ट, जॉइंट, सील, ऑइल, सगळं माझ्याकडून. आणि तू तेल दिसते म्हणालास तेव्हा मी गाडी बोलवायला पाहिजे होती."

तो बराच वेळ सीलकडे पाहत राहिला. "गाडीत लेकरू होतं, काका," एवढंच म्हणाला. सहा पर्यटकांमध्ये एक लहान मुलगी होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.

काय उत्तर देणार होतो? काही दिलं नाही.

नागपूरहून पार्ट यायला एक दिवस गेला. बसवायला मी सकाळी बसलो, उजेडात, आणि गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं म्हणजे मध्ये कोणी येणार नाही. नळी आतून पुसली, फुटलेल्या पोलादाचा कण राहू नये म्हणून चुंबक फिरवला. डिफरन्शियलचं उरलेलं ऑइल काढलं. दोन लिटर लागतं त्यात, निघालं लिटरभराहून थोडं जास्त. बाकीचं चाकाच्या आतल्या बाजूनं रस्त्यावर गेलं होतं. नवीन सील चौकोनी बसलंय ना ते बोटानं चारही बाजूंनी पाहिलं, लिपला ग्रीस लावलं. शाफ्टच्या दात्यांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून गुंडाळली, दाते सीलच्या पलीकडे जाईपर्यंत ती तशीच ठेवली आणि मग बाहेर ओढून घेतली. हेल्परनं शाफ्ट खालून तोलून धरला, मी पुढून. दाते सापडत नव्हते तेव्हा रेटलं नाही. हाताच्या पंज्यानं थोडं थोडं फिरवत राहिलो, आणि एका क्षणी शाफ्ट स्वतःहून आत गेला. गॅरेजात पावसाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

किंगपिनच्या बेअरिंगला शिमा त्याच ठेवल्या. स्प्रिंगचा काटा टाय रॉडच्या भोकाला अडकवून खेचला, दीड किलोच्या आसपास नकल हललं, म्हणजे ठीक. जॉइंटमध्ये छर्रे दिसेनासे होईपर्यंत ग्रीस दाबलं, नकलमध्येही भरलं. फेल्ट नवीन, लॉक वायसर नवीन. ब्रीदरमधलं कुंभारमाशीचं घर काढलं, रबरी नळी जोडून तो बॉनेटच्या आत उंच नेला, म्हणजे नाल्यात पाणी वर आलं तरी आत जाणार नाही.

गाडी मागच्या मोकळ्या जागेत नेली. फोर एल, म्हणजे फोर बाय फोरचा कमी वेगाचा गियर टाकून, ओल्या मातीवर, स्टिअरिंग आधी पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे. मी चाकाशेजारून चालत होतो, कान लावून. कट कट नाही.

पोरानं गाडी बंद केली, उतरला आणि म्हणाला, "काका, डावीकडचा बी त्याच रात्री तुमीच बसवला होता ना?"

हो. त्याच रात्री, त्याच घाईत, त्याच गुडघ्यानं.

"मंग तो बी उघडा."

दुपारचे दोन वाजले होते आणि दुसरी गाडी दारात उभी होती. मी तिच्या मालकाला उद्या या म्हणून सांगितलं आणि डाव्या बाजूला जॅक लावला. आतलं ग्रीस घट्ट होतं, सील अखंड. तरी ते बदललं.

ऑगस्टच्या अखेरीस तो ऑइल बदलायला आला. गाडी थांबायच्या आधी मी खाली वाकलो होतो. दोन्ही नकलच्या मागून, फेल्टच्या कडेनं बोट फिरवलं. चिखल होता, तेल नव्हतं.