बार्बाडोसचे निवांत किनारे: आमचा शोध

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन टोरांटोहून बार्बाडोसला जायचे ठरले, तेव्हा आईला गर्दी नसलेला किनारा हवा होता आणि बाबांना संथ पाणी. बाबांना गुडघ्यांमुळे फार पायऱ्या उतरता येत नाहीत आणि पाण्यात कमरेपर्यंत निर्धास्त उभे राहता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. दोघेही मूळचे गुहागरचे असल्यामुळे पुळण कशी असावी याविषयी त्यांची मते ठाम आहेत. या दोन साध्या अपेक्षा एकाच ठिकाणी पुऱ्या होणे किती अवघड आहे, हे बेटाचा नकाशा नीट अभ्यासल्यावर माझ्या लक्षात आले.

बार्बाडोस जेमतेम 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद आहे. व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर अटलांटिक महासागर थेट येऊन आदळतो आणि पश्चिम किनारा बेटाच्याच आडोशाला राहतो. साहजिकच हॉटेले, बंगले आणि पर्यटक पश्चिमेला व दक्षिणेला एकवटले आहेत, तर पूर्वेला मैलोन्मैल माणूस दिसत नाही, पण तिथे पोहणे धोक्याचे असते. माणसांपासूनची निवांतता आणि पाण्याची संथता या बेटावर सहसा एकत्र नांदत नाहीत. म्हणून जिथे त्या एकत्र येतात असे अपवाद शोधणे, हेच आमचे खरे काम होते.

सर्वांत उपयोगी पडले ते क्रूझ जहाजांचे वेळापत्रक. राजधानी ब्रिजटाऊनच्या बंदरात कोणत्या दिवशी किती जहाजे लागणार, हे बऱ्याच आधी जाहीर होते आणि डिसेंबर ते एप्रिल या हंगामात काही दिवशी एकाच वेळी अनेक जहाजे लागतात. त्यांतले प्रवासी सकाळी उतरतात, टॅक्सीने जवळच्या कार्लाइल बे या उपसागराच्या किनाऱ्याकडे जातात आणि जहाज सुटण्याआधी, दुपार कलता कलता परततात. मी आमच्या मुक्कामाचे दिवस या वेळापत्रकाशी ताडून पाहिले. जहाजांची गर्दी ज्या दिवशी जास्त, त्या दिवशी बेटाच्या दूरच्या टोकाला जायचे आणि जहाज नसेल तेव्हा जवळचा किनारा गाठायचा, असे ठरवले.

कार्लाइल बेच्या बाबतीत मात्र दिवसापेक्षा प्रहर महत्त्वाचा आहे. दुपारी जिथे खुर्च्या-छत्र्यांची दाटी असते, त्याच वाळूवर सूर्योदयाच्या सुमारास स्थानिक वयस्कर मंडळी समुद्रस्नानाला येतात, पाण्यात उभी राहून सावकाश गप्पा मारतात आणि ऊन चढण्यापूर्वी घरी जातात. जवळच्या गॅरिसन सवाना मैदानावरचे शर्यतीचे घोडेही पहाटे याच उपसागरावरच्या पेबल्स बीचवर आंघोळीला आणतात. बाबा त्या स्नान करणाऱ्या मंडळींत सहज सामील झाले. बार्बाडोसमध्ये काहीही विचारण्यापूर्वी ‘गुड मॉर्निंग’ म्हणणे अगत्याचे मानले जाते. ते म्हटले की माणसे आपुलकीने बोलतात आणि आज कुठला समुद्र खवळलेला आहे, हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा नेमके सांगतात.

पश्चिम किनाऱ्यावर निवांत जागा मिळवण्यासाठी एक गोष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे: बार्बाडोसमधले सर्व किनारे सार्वजनिक आहेत. पुळणीलगतची जमीन खाजगी असू शकते, परंतु भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू कुणाच्याही खाजगी मालकीची नसते. अडचण असते ती तिथवर पोहोचण्याची, कारण हायवे वन हा किनाऱ्यालगतचा मुख्य रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये बंगल्यांच्या उंच भिंती आहेत. त्या भिंतींमधून जाणारे सार्वजनिक रस्ते अरुंद आहेत आणि गाडीतून सहज दिसत नाहीत. मी उपग्रह नकाशावर अशा वाटा आधीच शोधून ठेवल्या होत्या. मलिन्स या किनाऱ्याच्या दक्षिणेला असलेला गिब्स बीच असाच सापडला. मलिन्सला वर्दळ असताना इथे मोजकीच माणसे होती.

आमच्या सर्व अपेक्षा सर्वांत जास्त पुरवल्या त्या स्पाइट्सटाऊन या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावाच्या उत्तरेकडील हेवूड्स बीचने. पुळण लांब आहे, पाणी संथ आहे आणि खडकांच्या मध्ये उथळ डबकी तयार होतात, त्यांत बाबांना तासन्‌तास बसता येत असे. इथले भरती-ओहोटीतले अंतर कोकणाच्या मानाने फारच कमी असल्यामुळे वेळ पाहून धावपळ करावी लागत नाही, याचे आईला फार नवल वाटले. सावलीसाठी झाड निवडताना मात्र सावध राहावे. किनाऱ्यालगत मँचिनील नावाचे विषारी झाड वाढते. त्याच्या चिकाने त्वचेवर फोड येतात, पावसात त्याखाली उभे राहणेही घातक असते आणि हिरव्या सफरचंदासारखे दिसणारे त्याचे फळ तोंडात घालता कामा नये. पुष्कळ ठिकाणी अशा झाडांच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडते: उत्तर अटलांटिकमधल्या हिवाळी वादळांच्या लाटा कधीकधी पश्चिमेलाही पोहोचतात आणि एरवी संथ असलेले पाणी दोन-तीन दिवस उसळत राहते. अशा दिवसांत आम्ही हेवूड्सला न जाता कार्लाइल बेची पहाट पसंत केली.

आग्नेयेकडचा सेंट फिलिप परगणा हा निव्वळ पाहण्यासाठी आहे, असे माझे मत झाले. बॉटम बे येथे कड्यात कोरलेल्या पायऱ्या उतरल्यावर नारळीच्या झाडांचे सुंदर बन लागते, पण लाटा जोरदार असतात आणि पायऱ्या बाबांसाठी नव्हत्या. त्यांनी कड्यावरूनच समुद्र पाहिला. दुपारनंतर कड्याची सावली वाळूवर पसरते, म्हणून तीच वेळ बरी. फाउल बे अधिक रुंद व मोकळा आहे. या बाजूला आणि दक्षिणेला सरगॅसम हे तपकिरी समुद्रशैवाल वाहून येते. 2011 पासून ते कॅरिबियनमध्ये मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आणि साधारणतः वसंत व उन्हाळ्यात त्याचे थर साचून कुजतात. त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी पश्चिम किनाराच धरावा.

पूर्वेकडचा मोठा अपवाद म्हणजे सेंट जॉन परगण्यातला बाथ बीच. समोरच्या प्रवाळ खडकांमुळे लाटा बाहेरच फुटतात, आत पाणी बरेच शांत राहते आणि मागे सुरूची झाडे आहेत, ती पाहताच आई चटकन म्हणाली, “अगं, हे तर आपलंच सुरूबन!” रविवारी स्थानिक कुटुंबे डबे घेऊन येतात, म्हणून आम्ही आठवड्यातल्या मधल्या वारी गेलो. 1937 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेची जुनी वाट या किनाऱ्यालगतच बाथशेबा या गावाकडे जाते. चालण्याची आवड असणाऱ्यांसाठी हा उत्तम मार्ग आहे. बाथशेबा आणि त्याजवळचा कॅटलवॉश किनारा येथे पोहण्याचा विचारही करू नये, कारण पाण्याखालचे प्रवाह दिसत नाहीत आणि रिकाम्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो. आम्ही निर्जन ठिकाणी गुडघ्यांपलीकडे पाण्यात गेलो नाही आणि निघताना कुठे चाललो आहोत, हे घरमालकिणीला सांगून ठेवत असू.

प्रवासासाठी आम्ही काही दिवस गाडी भाड्याने घेतली. भारताप्रमाणेच डाव्या बाजूने गाडी चालवायची असते, मात्र पाहुण्यांसाठीचा परवाना काढावा लागतो. इतर दिवशी बस वापरली. थांब्यांवर शहराकडे जाणारी आणि शहराबाहेर जाणारी अशी दिशा लिहिलेली असते, त्यामुळे चुकायला वाव नाही. टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून भाडे आधी ठरवून घ्यावे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर स्थिर असल्यामुळे हिशेब सोपा जातो.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परंतु कॅनडात मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना नेताना त्यांचा कॅनडाचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा आहे आणि परतीच्या तारखेपर्यंत वैध आहे, याची खात्री तिकीट काढण्यापूर्वी करून घ्यावी.