चिकणमाती आणि पावसाचं पाणी, नोंद ४ : भेगांनी फसवलं

छपरावरचं पावसाचं पाणी खड्ड्यात जिरवायचंय, म्हणून चिकणमातीत पाणी किती वेगाने मुरतं ते मोजतोय. मागच्या नोंदीतला १०० मिमी प्रतितास हा मुरण्याचा आकडा खोडून टाका. तो मातीचा नव्हताच, भेगांचा होता.

कोरड्या जमिनीत दुहेरी कडी ठोकली होती, म्हणजे पाणी मुरण्याचा वेग मोजायला एकात एक अशा दोन कड्या (आतली ३० सेंमी व्यासाची, बाहेरची ६०). अर्ध्या तासात पाणी ५ सेंमी उतरलं आणि मी खूश! नंतर कडीखालचं ढेकूळ फोडलं तर आत ठणठणीत कोरडं. चिकणमातीतली स्मेक्टाइट गटातली खनिजं (ओली झाली की फुगणारी) वाळली की आकसतात, जमीन तडकते, आणि पाणी मातीला शिवल्यासारखं करून भेगांतून थेट खाली पळतं.

या वेळी आधी चोवीस तास जमीन भिजत ठेवली. भेगा मिटल्या. मग तासातासाला आतल्या कडीतली उतरण मोजली : ११, ६, ४, ३, ३, ३ मिमी. शेजारी ठेवलेल्या थाळीतल्या पाण्यावरून बाष्पीभवन वजा करूनच हे आकडे लिहिलेत. हॉर्टनच्या सूत्रातली (मुरण्याचा वेग आधी झपाट्याने घटतो, मग स्थिरावतो) उतरती रेषा आपल्याच वहीत उमटताना बघायला मजा येते. चिकणमातीसाठी पुस्तकांत साधारण १ ते ५ मिमी देतात, त्यात हे चपखल बसतं.

दोन्ही कड्यांत पाण्याची पातळी सारखी ठेवा. आतली जास्त झाली की पाणी आडवं सरकतं आणि बाहेरच्या कडीचा उपयोगच राहत नाही. एकदा माझ्याकडून हे झालं. ती तासाभराची नोंद फेकून दिली.

आता खरा हिशेब. १०० चौरस मीटर छपरावर २० मिमी पाऊस म्हणजे २,००० लिटर. मी आखलेला खड्डा १० चौरस मीटरचा, म्हणजे त्यात २० सेंमी पाणी साचणार. ताशी ३ मिमीने ते मुरायला ६७ तास! दोन दिवसांत रिकामा व्हायला हवा, नाहीतर दुसरी सर आली की वाहून जाणार. खोली वाढवून काहीच साधत नाही, पसरट करायला हवा. १७ चौरस मीटर केला तर पाणी जेमतेम १२ सेंमी चढतं आणि ४० तासांत मुरतं. (१०० मिमीवर विसंबून खणला असता तर तळं झालं असतं.)

हे सगळं नळाच्या स्वच्छ पाण्यावर. छपराचं पाणी गढूळ असतं, गाळ तळाशी बसतो. पुढच्या खेपेला तेच ओतून बघतो, ३ मिमीतले किती उरतात ते.