पायऱ्यांवरून माघारी का फिरवलंस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पेट्रा म्हणजे जॉर्डनमधलं कातळात कोरलेलं प्राचीन शहर; अद-दैर हे तिथलं डोंगरावरचं मोठं कोरीव स्मारक. तसं जो भेटतो तो हेच विचारतो: पेट्रापर्यंत जाऊन अद-दैर न बघता ग्रुपमधल्या सगळ्यांना माघारी का आणलंस? पाऊस तर पडलाच नाही म्हणे!

नाही पडला. पेट्रात त्या दिवशी रात्रीपर्यंत थेंब नाही.

सह्याद्रीत ओढा फुगला की आपण अलीकडे थांबतो. पाऊस डोक्यावरच असतो, कळतं तरी. तिकडे तो भलत्याच डोंगरावर पडतो. उघडा कातळ, पाणी मुरणार कुठे? सगळं दरीत. आणि नेहमीची बाहेरची वाट म्हणजे सीक, सव्वा किलोमीटरची घळ, काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर रुंद. पेट्रा वसवणाऱ्या नबातियनांनी तिच्या तोंडाशी बांध घालून, कातळात बोगदा खोदून पाणी वळवलं, ते हौस म्हणून नव्हे. पुढे त्याची पडझड झाली आणि एप्रिल १९६३मध्ये या घळीत पुरात वीसहून अधिक माणसं दगावली, बहुतेक फ्रेंच पर्यटक. मग नवा बांध झाला. तरी नोव्हेंबर २०१८मध्ये जवळजवळ ४००० पर्यटकांना पेट्रातून बाहेर काढावं लागलं. हे मी वाचून गेले होते. बाकीचे पेट्रातल्या सगळ्यात प्रसिद्ध कोरीव स्मारकाचे, अल-खझनाचे, फोटो बघून आले होते.

अद-दैरला आठशेच्या वर पायऱ्या. निम्म्याहून जास्त चढलो होतो. एका वळणावर पूर्वेला, शेजारच्या वादी मूसा गावाच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी सीककडे उतरतं, काळं दिसलं. मी म्हटलं, फिरा.

"अगं, ऊन आहे!" कोणीतरी हसलं. ग्रुपमधल्या एक ताई मात्र हसल्या नाहीत. पेन्शनीतून पैसे साठवून त्या आल्या होत्या, त्याही अद-दैरसाठीच. त्या पायरीवर बसल्या, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वरच थांबू ना. पूर आला तर उंचावरच बरं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही धड नाही. वर थांबलो असतो आणि काळोख पडला असता तर? पाणी संपलं असतं तर? हे सगळं मला रात्री हॉटेलात सुचलं. पायरीवर मी फक्त आवाज चढवला. "लीडर मी आहे," असंही म्हटलं. ते वाक्य अजून कानात खुपतं, पण निर्णय नाही खुपत.

एक गोष्ट मात्र पोखरते. शेजारी एक बदू, म्हणजे तिथल्या भटक्या अरब जमातीतली, बाई चहा विकत होती, मरमिया (सेजची पानं) घातलेला. तिने दुकान आवरलं नाही. उलट आम्हाला कप पुढे केला. ती तिथलीच, तिला ढग कळत नसतील? तेव्हा मी मनाशी म्हटलं, हिचं पोट आहे, ही बसणारच. आता वाटतं, तिला बघूनच थांबायला हवं होतं. आणि लगेच वाटतं, तिला तिथल्या वाटा पाठ, तिला सीकमधून जायची गरज काय? दोन्ही पटतं.

उतरताना कोणी बोललं नाही. सीकमध्ये फोटोही काढले नाहीत. घळ कोरडी ठणठणीत.

ताईंनी परवा फोन केला. पेट्राजवळच लिटल पेट्रा म्हणून लहान कोरीव अवशेष आहेत, त्यांच्या मागून डोंगरवाटेने अद-दैरला जाता येतं, हे त्यांनीच शोधलंय. येतेस का, विचारत होत्या. मी म्हटलं, येते, पण ढग दिसले तर पुन्हा तेच करीन. त्या म्हणाल्या, "मग यायचं कशाला?"